लाल पाणी पांढरे होते तेव्हा: रंगाचे सांडपाणी आणि जिवाणू

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत हातमाग आणि यंत्रमागावर साड्या विणणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांच्या मागांना लागणारे सूत रंगवून देणारे छोटे रंगारीही त्यांच्याच आसपास असतात. अशाच एका रंगाऱ्याच्या परसात मी एकदा बसलो होतो. काठ्यांवर टांगलेल्या सुती लडी गरम टाकीतल्या गडद लाल पाण्यातून दोघे जण उलटसुलट करीत होते. काम उरकल्यावर टाकीचा बोळा काढला गेला आणि परसाच्या कडेची मोरी क्षणात कुंकवासारखी लाल झाली. मी रसायनशास्त्र शिकवतो हे ठाऊक असल्यामुळे घरच्या काकांनी हात पुसत विचारले, “ते जिवाणू घालून रंग घालवतात म्हणे. रंग गेला म्हणजे काम झालं की ओ?” मी तेव्हा “अर्धं झालं” एवढेच म्हणालो, आणि ते उत्तर त्यांना पटले नाही. उरलेले अर्धे कोणते, हे नीट सांगायचे तर रंग म्हणजे मुळात काय असतो इथपासून सुरुवात करावी लागते.

कापडाला लावायच्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ‘ॲझो’ या एकाच घराण्यातले आहेत. १८५८ साली पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने या रंगांची वाट उघडून दिली. नावे आणि छटा हजारो असल्या, तरी त्यांच्या रेणूत एक गोष्ट समान असते: नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्बनची कडी, म्हणजे बेन्झीन किंवा नॅप्थलीनसारखी वलये, जोडलेली असतात. या रचनेमुळे इलेक्ट्रॉन एका वलयापासून दुसऱ्या वलयापर्यंत पसरून राहतात आणि असा लांबवर पसरलेला इलेक्ट्रॉनांचा समूह आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा काही भाग गिळतो. जो भाग गिळला जात नाही, तोच आपल्याला लाल, नारिंगी किंवा पिवळा रंग म्हणून दिसतो. मधला नायट्रोजनचा सांधा तुटला, की दोन्ही वलये एकमेकांपासून सुटतात, इलेक्ट्रॉनांचे अंगण आखडते आणि सुटलेले तुकडे दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी फक्त अतिनील किरण शोषू लागतात. आपल्या डोळ्याला अतिनील किरण दिसत नाहीत, म्हणून पाणी ‘पांढरे’ झाले असे आपण म्हणतो. पण ते तुकडे त्याच पाण्यात असतात.

रंग सांडपाण्यात येतोच का, याचे उत्तर रंगाऱ्याच्या निष्काळजीपणात नसून रसायनशास्त्रात आहे. सुतासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे ‘रिॲक्टिव्ह’ रंग, ज्यांचा व्यापारी वापर १९५६ पासून सुरू झाला, धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडतात आणि म्हणूनच ते पक्के असतात. हा बंध जुळण्यासाठी टाकीत सोडा घालून पाणी चांगलेच अल्कधर्मी करावे लागते. परंतु त्याच अल्कधर्मी पाण्यात रंगाचे काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच बंध जुळवून बसतात, आणि असा पाण्याला ‘लागलेला’ रंग पुन्हा धाग्याला कधीच लागत नाही. किती रंग असा वाया जातो हे रंगाच्या जातीवर आणि पद्धतीवर अवलंबून असते; चांगल्या परिस्थितीत दहावा हिस्सा, तर वाईट परिस्थितीत निम्म्यापर्यंत. एक किलो सुतासाठी ३० ग्रॅम रंग घेतला आणि त्यातला चतुर्थांश वाया गेला, असे धरले तर साडेसात ग्रॅम रंग मोरीत जातो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही असे अनेक रंग डोळ्यांना दिसतात, म्हणजे एका किलो सुतामागचा हा वाया गेलेला रंग साडेसात हजार लिटर पाणी रंगीत दिसण्यास पुरेसा आहे. रंगीत पाण्यातून सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यातल्या शेवाळाचे आणि वनस्पतींचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि पाण्यातला प्राणवायूही घटतो.

असे पाणी नेहमीच्या सांडपाणी केंद्रात नेऊन, त्यात हवा फुंकून जिवाणूंकडून शुद्ध करून घ्यावे, हा विचार सहज सुचतो. परंतु जो रंग साबण, घाम आणि ऊन यांना वर्षानुवर्षे दाद देऊ नये म्हणूनच घडवलेला असतो, तो हवा फुंकलेल्या टाकीतूनही बहुतांशी जसाच्या तसा बाहेर पडतो. तुरटी किंवा तत्सम क्षार घालून रंग तळाशी बसवता येतो, पण रिॲक्टिव्ह रंग पाण्यात इतके मुरलेले असतात की ते सहजासहजी खाली बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांचा चिखल शेवटी कुठेतरी टाकावाच लागतो. कोळशाच्या चाळणीचीही तीच गत. या उपायांत रंग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला जातो. तो मोडला जात नाही, आणि जिवाणूंकडे लक्ष वळले ते त्यांना रंगाचा रेणू प्रत्यक्ष मोडता येतो म्हणून.

हे जिवाणू परग्रहावरून आणावे लागत नाहीत. जिथे वर्षानुवर्षे रंगाचे पाणी मुरले आहे त्या मोरीच्या गाळात ते आपसूक वाढलेले असतात, आणि संशोधकही बहुतेक वेळा तिथूनच माती उचलून आणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील जैवरसायनशास्त्र विभागात या विषयावर अनेक वर्षे काम झाले असून, कापड उद्योगाच्या सांडपाण्याने माखलेल्या मातीतून स्यूडोमोनास, बॅसिलस यांसारख्या कुळांतले रंग मोडणारे जिवाणू तिथे वेगळे करण्यात आले आहेत. आपल्या भागाला इतके लागून असलेले हे काम मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

जिवाणू रंग का मोडतात? भुकेपोटी, असे बहुतेकांना वाटते, आणि ते बरेचसे चूक आहे. जिवाणूचे खरे अन्न साखर, पेज किंवा तत्सम सेंद्रिय पदार्थ असते. हे अन्न पचवताना त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय जिवाणूचा श्वास, म्हणजे ऊर्जा मिळवण्याची साखळी, पुढे सरकत नाही. आपणही श्वास घेतो तो याच कारणासाठी: आपल्या अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन स्वीकारतो. या पंगतीत ऑक्सिजन हा मानाचा पाहुणा आहे. तो हजर असेल तर सगळे वाढप आधी त्याच्याकडे जाते आणि ॲझो रंग उपाशी राहतो, म्हणजेच शाबूत राहतो. ऑक्सिजन नसला, की जिवाणूचे ‘ॲझोरिडक्टेज’ नावाचे एन्झाइम ते इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या दुहेरी सांध्यावर उतरवू लागते. आधी दोन आणि मग आणखी दोन, अशा चार इलेक्ट्रॉनांत सांधा पूर्ण तुटतो.

हे दाखवण्यासाठी मी वर्गात एक साधा प्रयोग करतो. एकाच लाल रंगाचे फिकट पाणी दोन बाटल्यांत घ्यायचे, दोन्हींत मोरीचा चमचाभर काळा गाळ आणि बोराएवढा गुळाचा खडा टाकायचा. एक बाटली गळ्यापर्यंत भरून झाकायची, मात्र आत वायू साठून ती फुटू नये म्हणून झाकण किंचित सैल ठेवायचे. दुसरी अर्धीच भरून तिच्यात मत्स्यालयाच्या पंपाने सतत हवा सोडायची. उन्हाळ्याच्या दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकलेल्या बाटलीचा लाल रंग तळाकडून उतरू लागतो आणि सगळे पाणी गढूळ पिवळसर होते. हवेच्या बाटलीत मात्र गाळ चांगला पोसला जातो, गूळ संपतो आणि पाणी लालच राहते. विद्यार्थ्यांना सर्वांत आश्चर्य वाटते ते पुढच्या पायरीचे. रंग गेलेली बाटली उघडून ठेवली, की कुजकट वास तर येतोच, पण काही रंगांच्या बाबतीत एक-दोन तासांत पाण्याच्या वरच्या थरावर तपकिरी झाक चढते. जी दोन माणसे भांडून वेगळी झाली असे वाटत होते, ती हवा लागताच नव्या सोयरिकी जुळवू लागली, असा हा प्रकार आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत ते सुटे तुकडे म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन, आणि ऑक्सिजन मिळताच त्यांतले काही आपापसात जोडले जाऊन पुन्हा रंगीत होतात.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण तो कळला की हौद बांधणाऱ्यांचे बरेच निर्णय उलगडतात. पाण्यात विरघळावेत म्हणून बहुतेक रिॲक्टिव्ह रंगांना सल्फोनेटचे गट जोडलेले असतात. त्यामुळे तो रेणू अंगाने मोठा आणि विद्युतभारित होतो आणि जिवाणूच्या पेशीचे आवरण ओलांडून आत जाऊ शकत नाही. मग आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या रंगापर्यंत पोहोचवणार कोण? हे काम क्विनोन किंवा रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, यांसारखे लहान रेणू करतात: पेशीकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, बाहेर जाऊन रंगाला द्यायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. मागावरचा धोटा जसा एकाच बाण्याचे सूत घेऊन अखंड ये-जा करतो, तसाच हा रेणूही झिजून न जाता पुनःपुन्हा वापरला जातो, म्हणून तो अगदी थोडा असला तरी रंग उतरण्याचा वेग कितीतरी वाढतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे. ॲझो सांधा तुटल्यावर उरणारे रंगहीन तुकडे निरुपद्रवी असतातच असे नाही, आणि याची सर्वांत बोलकी साक्ष कापडाच्या नव्हे, तर औषधांच्या इतिहासात आहे. १९३२ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत गेरहार्ट डोमाक यांना प्रोन्टोसिल नावाचा एक लाल ॲझो रंग उंदरांना जिवाणूंच्या जीवघेण्या संसर्गातून वाचवतो, असे आढळले. कोडे असे होते, की काचेच्या नळीत हाच रंग त्याच जिवाणूंना काहीही करत नसे. १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी उलगडा केला: शरीरात रंगाचा ॲझो सांधा तुटतो आणि त्यातून सुटणारा सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडाच खरे औषध असतो. पुढे लक्षात आले, की हा सांधा तोडण्यात आपल्या आतड्यातल्या जिवाणूंचाही हात असतो. म्हणजे रंग जाणे आणि गुण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे रंग गेल्यावरच गुण आला.

जे गुणाचे, तेच अवगुणाचे. १८८० च्या दशकात बाजारात आलेला काँगो रेड हा लाल रंग सुताला थेट लागत असल्यामुळे फार लोकप्रिय झाला, पण त्याचे दोन्ही ॲझो सांधे तोडले की मधून बेन्झिडीन सुटते, आणि बेन्झिडीनमुळे माणसाच्या मूत्राशयाचा कर्करोग होतो. रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याची नोंद फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच केली होती. अशा घातक अमाइन सोडणाऱ्या रंगांवर १९९० च्या दशकात आधी जर्मनीने आणि पाठोपाठ भारताने बंदी घातली, त्यामुळे आजच्या परवानगी असलेल्या रंगांतून बेन्झिडीन सुटत नाही. तरीही सुटणारे इतर अमाइन पाण्यातल्या जिवांना अपायकारक असू शकतात, आणि निव्वळ हवाबंद टाकीतून बाहेर पडलेले स्वच्छ दिसणारे पाणी कधी कधी मूळच्या लाल पाण्यापेक्षाही अधिक विषारी ठरते.

सुदैवाने या तुकड्यांची खोड नेमकी उलटी आहे. हवाबंद टाकीत ते सहसा पुढे मोडत नाहीत, पण ऑक्सिजन मिळाला की जिवाणूंची दुसरी मंडळी पुढे येते. ही मंडळी ऑक्सिजनचे अणू थेट कार्बनच्या वलयात खोवते, वलय फोडते आणि उरलेली साखळी साध्या अन्नासारखी पचवून तिचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि अमोनिया यांत रूपांतर करते. म्हणून जाणकार हौद बांधतात ते दोन: आधी हवाबंद, मग हवेशीर. क्रम उलटा केला तर दोन्ही हौदांचा खर्च वाया जातो. सल्फोनेट जोडलेले काही अमाइन दुसऱ्या हौदातही हट्टाने टिकतात, ही या पद्धतीची खरी कमजोर बाजू आहे. जाहिरातींत ती सहसा वाचायला मिळत नाही.

मग पाणी खरोखर शुद्ध झाले की नाही, हे ओळखायचे कसे? पहिली पायरी अगदी सोपी आहे: जिवाणूंचा गाळ खाली बसवून त्याचा रंग पाहावा. गाळ लाल झाला असेल तर जिवाणूंनी रंग मोडला नाही, फक्त अंगाला चिकटवून घेतला. मेलेले जिवाणूही एवढे करतात. त्यानंतर प्रयोगशाळेत दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणांतही पाणी तपासतात, कारण तुकडे तिथेच पकडले जातात. सीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण जाळून टाकायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे माप, किती उतरले तेही पाहतात. नदीत सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडे ते लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. मला स्वतःला सर्वांत पटते ती मात्र बियांची परीक्षा. त्याच पाण्यात ज्वारी आणि मूग भिजवून किती दाणे रुजतात, मोड किती लांब येतो हे साध्या पाण्याशी ताडून पाहायचे, किंवा कांद्याची मुळे त्या पाण्यात वाढवून त्यांच्या पेशींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. ज्या भागात पावसाळ्यात बळ्ळारी नाला पात्र सोडून शहापूर-वडगावच्या भाताच्या शिवारात पसरतो, तिथे दाणा रुजतो की नाही ही परीक्षा यंत्रावरच्या आलेखापेक्षा लवकर समजते.

शोधनिबंधांतले ‘चोवीस तासांत पंचाण्णव टक्के रंग नाहीसा’ असे निष्कर्ष वाचताना थोडे सावध राहावे. ते खोटे नसतात, पण प्रयोगशाळेत रंग एकच असतो, तापमान ३० ते ४० अंशांच्या दरम्यान राखलेले असते आणि जिवाणूंना महागडे यीस्टचे अर्क खायला घातलेले असतात. रंगाऱ्याच्या टाकीतून सुटणारे पाणी मात्र हाताला चटका देणारे, सोड्यामुळे अतिशय अल्कधर्मी आणि खारट असते; आज लाल, उद्या मोरपंखी आणि लग्नसराईत रोज दहा प्रकारचे. म्हणून दोन्ही हौदांच्या आधी एक साठवण टाकी हवीच, जिथे दिवसभराचे पाणी मिसळून निवते आणि त्याचा अल्कधर्मीपणा उतरवता येतो. महागड्या खाद्याला आपल्या भागात पर्याय आहेत. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्याने मळी सहज मिळते, आणि यंत्रमागाच्या सुताला सायझिंगमध्ये लावलेली स्टार्चची खळ धुऊन निघते ते पाणीही जिवाणूंचे उत्तम अन्नच आहे. एकाच नामांकित जिवाणूपेक्षा मिश्र वस्ती अशा बदलत्या पाण्यात अधिक तग धरते. नवा हौद सुरू करताना शेणकाला किंवा जुन्या केंद्राचा गाळ ओततात तो त्यासाठीच. बाजारात मिळणारी ‘खास जिवाणूंची’ पाकिटे महिन्या-महिन्याला विकत घ्यावी लागत असतील, तर त्या हौदाच्या रचनेतच काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे. वस्ती वाहून जाऊ नये म्हणून जिवाणूंना बसायला जागा देतात. घोसाळ्याचा वाळलेला जाळीदार सांगाडा या कामी वापरून पाहिला गेला आहे आणि तो चालतो.

सगळेच रंग ॲझो नसतात. निळ्या छटांतले अँथ्राक्विनोन घराण्यातले रंग या मार्गाला फारशी दाद देत नाहीत, आणि लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा ते अधिक चांगले मोडतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जिवाणूंच्या हातात मुळीच नसलेली गोष्ट म्हणजे मीठ. रिॲक्टिव्ह रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी टाकीत लिटरला पन्नासेक ग्रॅम मीठ सहज घालतात. किलोभर सुताला वीस लिटर पाणी धरले, तर सुताच्या वजनाइतकेच मीठ प्रत्येक वेळी मोरीत जाते. ते कोणताही जिवाणू खात नाही, की तोडत नाही. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला नोय्यल नदी रंगाबरोबरच मिठामुळेही नासली, आणि पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळली न गेल्यामुळे २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. मीठ काढायला दाबाखाली पाणी गाळणारी पडदा-यंत्रे आणि उरलेला खारट रस आटवणाऱ्या भट्ट्या लागतात, आणि तो खर्च एकट्या रंगाऱ्याच्या आवाक्यातला नाही. इचलकरंजीसारख्या गावांत म्हणूनच सामायिक प्रक्रियेचा मार्ग धरावा लागला. तिथली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा पुढे आमच्या चिकोडी, अथणी तालुक्यांतून वाहते, तेव्हा त्या गावच्या हौदाची निगा हा सीमेच्या अलीकडच्या माणसाच्याही काळजीचा विषय आहे.

छोट्या रंगाऱ्याला ताबडतोब करता येण्यासारखे एक काम मात्र आहे: पहिल्या टाकीचे पाणी आणि नंतरच्या धुण्याची पाणी वेगळ्या नळांनी काढणे. मीठ आणि रंग यांचा मोठा भाग पहिल्या पाण्यात असतो आणि ते पाणी एकूण पाण्याच्या मानाने थोडे असते. काकांनी तेवढे केले आहे. माझ्या सांगण्यावरून त्यांनी गाळ-गुळाची बाटलीही खिडकीत ठेवली होती. चौथ्या दिवशी ती फिकट झाल्यावर त्यातले पाणी त्यांनी गाळून एका बशीत घेतले आणि पत्र्यावर उन्हात ठेवले. संध्याकाळी बशीच्या कडेला बोटभर रुंद पांढरा थर चढला होता. तो नखाने खरवडून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “रंग तर गेला. पण ह्याचं काय करायचं, सांगा की.”